जुन्या इंजिनाची जात

पंपावरचं पोरगं म्हणतं, 'भाऊ, झिरो बघा.' आपण झिरो बघतो. दोनशेची नोट पुढं करतो, नळी टाकीतून निघते, मागचा हॉर्न मारतो, आपण सटकतो. झिरोनंतर टाकीत काय पडलं ते आपण विचारत नाही आणि कोणी आपणहून सांगत नाही. मी सांगतो. शंभर भागांतले वीस भाग दारू पडली. पाणी काढलेली, नव्व्याण्णव टक्क्यांच्या वरची, अस्सल दारू. शास्त्रात तिला इथेनॉल म्हणतात. दारूबंदीच्या काळात याच मालापायी धारावी, अँटॉप हिल, कोळीवाडा या पट्ट्यातल्या भट्ट्यांवर धाडी पडायच्या आणि आपल्या माणसांच्या पाठी सोलून निघायच्या. आज तोच माल सरकारी कंपन्यांच्या पंपावर राजरोस विकला जातो आणि त्याला हरित इंधन म्हणतात. भट्टीचा मालक बदलला की मालाची जातही बदलते, हे आपल्याला नवीन नाही.

संपादकीयात पेट्रोल कुठून आलं, असं आमचे कविमित्र विचारतील. कवीनं खुशाल विचारावं. त्याची गाडी बंद पडली तर तो बसनं येतो आणि वर त्याच्यावर कविता करतो. पण ज्याचं पोट दोन चाकांवर आहे त्यानं काय करावं?

शीव कोळीवाड्यात रात्री अकरानंतर एक चक्कर मारा. स्टेशनाचं नाव कधीचंच गुरु तेगबहादूर नगर झालं, फाळणीनंतर आलेल्या पंजाब्यांनी इथली तळलेली कोळंबी देशभर गाजवली, तरी आम्ही आपलं कोळीवाडाच म्हणतो. गल्लीच्या दोन्ही अंगांना गाड्या भिंतीला चिकटून उभ्या असतात. स्प्लेंडर, पॅशन, डिस्कव्हर, दोन मालक भोगून आलेली ॲक्टिव्हा. दहा वर्षांची, बारा वर्षांची, पंधरा वर्षांची. सीटला सेलोटेप, आरसा एकच. या गाड्या ज्यांच्या आहेत त्यांतला कोणी घरोघर जेवणाचे डबे पोचवतो, कोणी कुरिअरची गोणी नेतो, कोणी हॉस्पिटलात वॉर्डबॉय, कोणी पहाटे पहिल्या लोकलच्या आधी झाडू हातात घेणारा. काळीपिवळी टॅक्सी कधीच सीएनजीवर गेली. पैसेवाला दर पाच वर्षांनी गाडी बदलतो. मधे अडकला तो सेकंडहँड दुचाकीवाला. वीस टक्क्यांचा सगळा हिशेब त्याच्या टाकीत येऊन साचतो. मी त्याच्याबद्दल लिहितोय, कारण मीपण त्यातलाच एक आहे. माझी गाडी २००९ सालची आहे.

हा कार्यक्रम काही काल सुरू झाला नाही. २००१ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून बघायचे प्रयोग झाले, त्यातले दोन आपल्याच महाराष्ट्रात, मिरजेला आणि मनमाडला. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के. मग बरीच वर्षं कागदावर. २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत २० टक्के गाठायचं ठरलं. पुढे कोणाला घाई झाली कोण जाणे, तेच २०२५-२६ वर ओढून आणलं. जून २०२२ मध्ये १० टक्के झाले. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत २० टक्केवाल्या पेट्रोलचं उद्घाटन झालं, ८४ पंपांवर. आणि २०२५ मध्ये सगळ्या देशाची सरासरी वीसवर गेली, म्हणजे ठरलेल्या सालाच्या पाच वर्षं आधी. टाळ्या.

आता गाड्यांचं बघा. या पेट्रोलला टिकेल असं रबर, प्लास्टिक आणि धातू नव्या गाड्यांत बसवायची अट लागू झाली एप्रिल २०२३ पासून. इंजिनच त्याच्यासाठी जुळवून द्यायचं, ते एप्रिल २०२५ पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्या दहा टक्क्यांच्या हिशेबाने बनलेल्या, आणि अगदी जुन्या तर निव्वळ पेट्रोलच्या. म्हणजे रस्त्यावरच्या कोट्यवधी गाड्या एका तारखेला अस्पृश्य ठरल्या. तुमची सोय इथून पुढं इथं नाही. पण दुसरी विहीरही नाही. याच विहिरीचं प्या आणि पोटात दुखलं तर बोलू नका.

इंजिनाच्या पोटात नेमकं काय दुखतं ते नीट समजून घ्या, कारण यावर मोबाइलवर जे फिरतंय त्यातलं अर्धं थापा आहेत. वीस टक्क्यांनी इंजिन फुटत नाही. गाडी पेटत नाही. कोणी असं सांगत असेल तर तो एक तर येडा आहे नाहीतर कसली तरी बाटली विकतोय. जे होतं ते हळू होतं, आणि हळू होतं म्हणूनच त्याची कुठं तक्रार नोंदत नाही.

पहिली गोष्ट ताकदीची. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. लिटरचा पाचवा हिस्सा इथेनॉल असला तर लिटरामागे सहा-साडेसहा टक्के दम गेला. हे शाळेतलं गणित आहे.

दुसरी गोष्ट हवेची. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पेट्रोल नीट जळायला एका भागाला पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊ. नव्या गाडीत सायलेन्सरच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. तो धुराचा वास घेतो आणि आतल्या कॉम्प्युटरला सांगतो की जरा जास्त पेट्रोल सोड. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-सहा आलं त्याआधीच्या आपल्या बहुतेक मोटारसायकलींत असलं काही नाही. तिथं पितळेचा जेट असलेला कार्बोरेटर आहे. त्या जेटचं भोक जेवढं आहे तेवढंच आहे. तो बिचारा जुन्या मापानेच सोडत राहतो. मग हवा जास्त, इंधन कमी. सकाळी चोक ओढून सात-आठ किका. चढावर मिसिंग. शीवच्या पुलावर मागून ट्रक रेटत असताना पिकअप मेलेला. आणि दुपारच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापलेलं, पायाच्या नडगीला कळेल इतकं.

तिसरी गोष्ट रबराची. जुनी पेट्रोलची नळी, कॉकमधला वायसर, फ्लोटच्या सुईचं टोक, गॅस्केट, हे सगळं साध्या रबराचं. ते इथेनॉलमध्ये फुगतं, सुकलं की कडक होतं, मग तडकतं. कार्बोरेटरचं अंग जस्त-ॲल्युमिनियमच्या ओताचं, त्याच्यावर आतून पांढरी भुकटी धरते. आणि इथेनॉल पक्कं धुणारं असल्यामुळे टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गंज सोडवून खाली आणतं. तो गंज आणि ती भुकटी त्या बारीक भोकात जाऊन बसते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री बसतो, दुकान म्हणजे एक पत्रा आणि एक पेटी. त्याला मी विचारलं तर कार्बोरेटरची वाटी उघडून त्यानं बोट आत फिरवलं आणि मला दाखवलं. तांबूस चिखल. म्हणाला, 'पहिले साल में एक बार खोलता था. अब बारिश के पहले एक, बारिश के बाद एक.' त्याच्याकडे कुठला अहवाल नाही. त्याचं बोट आहे.

आणि बारिश ही चौथी गोष्ट. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं असेल तर ते पोटात जिरवतं, इंजिनात जाळून टाकतं, तिथवर ठीक. पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडतं आणि पाण्याला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. कॉक तळाशीच असतो. मग इंजिनाला जातं ते पेट्रोल नव्हेच. आता आपला भूगोल बघा. किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट दर पावसाळ्यात कमरेइतकं भरतं, शीवचा रस्ता नंबर चोवीस भरतो, हिंदमाता भरतं. ज्याची गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आहे त्याची टाकी कोरडी. आपली उघड्यावर, झाकणाचं रबर गेलेलं, चार महिने पाण्याखाली. आमच्या गाड्यांना छप्पर नाही याची दखल कोणत्या प्रयोगशाळेनं घेतली?

तोट्याचा आकडा मी माझ्या मनानं काढत नाही. सरकारच्याच नीती आयोगानं जून २०२१ मध्ये जो आराखडा छापला त्यात आहे. निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के कमी होईल, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्के. आपण चार धरू. डिलिव्हरीवाला पोरगा दिवसाला १२० किलोमीटर फिरतो, गाडी लिटरला ५० देते. २०२५ साली मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर होतं. रोजचे दहा रुपये गेले. महिन्याचे २६ दिवस धरले तर २७० च्या आसपास, वर्षाचे तीन हजारांवर. साहेब म्हणतील, दहा रुपये म्हणजे काय, एक चहा. बरोबर. आमचा चहाच गेला. वर नळी, वायसर, दोनदा कार्बोरेटर साफ, आणि गाडी मिस्त्रीकडे पडली त्या दिवसाची बुडालेली कमाई.

त्याच आराखड्यात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या कोणी बोलत नाही. एक, असलं पेट्रोल गिऱ्हाइकाला स्वस्त पडलं पाहिजे, त्यासाठी करात सवलत द्यावी. दोन, जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल वेगळं चालू ठेवावं. वीस टक्के उचलले, या दोन्ही गोष्टी टाकून दिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ओरड झाली तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानं उत्तर दिलं की आराखडा झाला तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता कंपन्यांनाच ते सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडतं. म्हणजे माल कमी दमाचा, खरेदी महाग, आणि फरक आमच्या नळीतून.

मंत्रालयाच्याच खुलाशात एक वाक्य होतं ते मी कापून भिंतीला चिकटवलंय. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त आहे, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जातं. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होता? रविवारी कुटुंबाला घेऊन लोणावळ्याला जाणारा. त्याचे २० हजार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. वर सांगितलेल्या पोराचे महिन्याला तीन हजारांच्या वर होतात, २० हजार सात महिन्यांत. आणि नेहमीचं सर्व्हिसिंग? अरे बाबा, गाडी बंद पडते तेच आमचं सर्व्हिसिंग.

आता टाकीच्या उलट्या टोकाला जाऊ, जिथून ही दारू येते. कोळीवाडा-प्रतीक्षानगरच्या या पट्ट्यात काही घरं ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आली. त्यांचे भाऊबंद तिकडेच राहिले आणि दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. दलित, वंजारी, बंजारा, भटके. कारखान्याच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस मोजतच नाहीत, हत्यार मोजतात. मुकादमाची उचल आधी घेतलेली, एक दिवस आजारी पडलं तर खाडा, त्याचा दंड वेगळा.

त्यांचा हिशेब मांडतो. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं. रसापासूनच्या इथेनॉलला सरकारनं ठरवलेला दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे. टनाचे साडेचार हजारांच्या वर झाले. त्यातून ऊसवाल्याला २०२४-२५ च्या एफआरपीनं टनाला ३,४०० द्यावे लागतात, मान्य. कारखाना चालवायला खर्च येतो, मान्य. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये भांडून ३४ टक्के वाढवून घेतला, तेव्हा कुठं तो टनाला ३६६ रुपयांपर्यंत गेला. भागून बघा. लिटरमागे सव्वापाच रुपये, त्यातही दोघांचे. आपण पंपावर लिटरला शंभराच्या वर मोजतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, पोट दुखतं, काम बुडतं, काढून टाक. मंत्रालयाच्या भाषेत सांगायचं तर सुटा भाग बदलला, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये. हे लिहिताना माझा हात थरथरतो, पण मला दुसरी भाषा सुचत नाही.

पाण्याचं तर बोलूच नका. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला २,८६० लिटर पाणी लागतं, हा आकडाही नीती आयोगाच्याच आराखड्यातला. मराठवाड्यात टँकरमागं हंडे घेऊन पळणाऱ्या बायका आणि त्याच मराठवाड्यात उसाची हिरवीगार शिवारं. याला हरित म्हणायचं तर म्हणा. आता धान्यापासूनही काढतात, मका आणि तांदूळ. २०२४-२५ च्या हंगामासाठी अन्न महामंडळाच्या गोदामातला ५२ लाख टन तांदूळ दारूकामाला दिला, किलोला साडेबावीस रुपयांनी. रेशनच्या रांगेत अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हातारीला हे कोणी समजावून सांगा.

सरकारची बाजू आहे, तीही ऐका. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटींच्या वर परकीय चलन वाचलं असं सरकार सांगतं. तेल बाहेरून येतं, आखाती शेख आणि अमेरिकेच्या दादागिरीवर आपला श्वास अडकलेला असतो, तो थोडा मोकळा झाला तर वाईट काय? काहीच नाही. इथेनॉल घालण्याला माझा विरोध नाही. माझं भांडण एवढंच आहे की बचत देशाच्या खात्यात आणि खर्च कोळीवाड्याच्या खिशातून, ही वाटणी कुठल्या सभेत ठरली?

आणि थांबवायचं म्हटलं तर थांबवता येतं, हेही आपण पाहिलंय. ७ डिसेंबर २०२३ ला साखर महागेल या भीतीनं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल काढणं एका फतव्यानं बंद केलं. कारखानदारांनी गळा काढला, आठवड्याभरात फतवा सैल झाला. मध्यमवर्गाच्या चहातल्या साखरेसाठी सरकार एका रात्रीत हलतं, साखरसम्राटासाठी एका आठवड्यात.

जुन्या गाडीसाठी वेगळी नळी ठेवणं अशक्य आहे असंही नाही. ब्राझीलनं १९७५ पासून हा धंदा केला. तिथं पंपावर नुसतं इथेनॉल आणि मिश्रण दोन्ही मिळतं, २००३ पासून दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आल्या, आणि गाडीवाला त्या दिवसाचा भाव बघून ठरवतो. इंग्लंडनं सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं ठेवलं, महाग का होईना. आपल्याकडे हीच मागणी घेऊन याचिका गेली होती. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही ठेवा, आणि काय विकताय ते पंपावर ठळक लिहा. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली. सरकारी बाजूनं उसाच्या शेतकऱ्याचा हवाला दिला. ऊस तोडणाऱ्याचं नाव त्या खटल्यात कोणी घेतल्याचं मी तरी वाचलं नाही. खुर्चीवर सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्या चळवळीच्या घरातले. वस्तीतले काही जण म्हणाले, आपल्या माणसाच्या निकालावर आपण बोलू नये. मला हे कळत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला बोलायला शिकवलं ते माणसं बघून गप्प बसायला नव्हे.

आणि मोटारवाल्यांच्या ओरडण्यातही वाहून जाऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी जो गिल्ला केला तो वीस लाखांच्या गाडीचं ॲव्हरेज घटलं म्हणून. त्यांची तक्रार खोटी नाही. पण उद्या त्यांना महागडं शुद्ध पेट्रोल वेगळ्या नळीतून मिळालं की ते काच वर करून निघून जातील. आपल्याला हवंय ते वेगळं: प्रत्येक पंपावर दहा टक्क्यांची नळी, तिचा भाव वीसपेक्षा एक पैसा जास्त नाही, वीसवाल्याचा भाव त्याच्या दमाच्या हिशेबाने कमी, आणि २०२३ च्या आधीच्या दुचाकींना रबर-नळीचा संच कंपन्यांनी फुकट द्यावा. लाखो कोटी वाचलेत ना? मग नळीपुरते तरी काढा.

तोवर गाडी जगवायची आहे. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि तिच्यातलं पाणी धरतं. झाकणाचं रबर बदला. गाडी महिनाभर गावाला जाण्यासाठी उभी करणार असाल तर कार्बोरेटरची वाटी सुकवून जा. नळी बदलताना इथेनॉलला टिकणारी मागा, काळी साधी घेऊ नका. मिस्त्रीला विचारून मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा, चढावरचं मिसिंग बरंचसं जातं.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी खुणांची काचेची नळी आणा. पंपवाला बाटलीत देणार नाही, म्हणून आपल्याच टाकीतून कॉकखाली ९० मिलिलिटर काढा. त्यात १० मिलिलिटर पाणी टाका, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्याबरोबर खाली उतरतं. खालचा थर दहाच्या वर जितका वाढला तितकं इथेनॉल. वीस टक्के असेल तर खाली साधारण २८ दिसेल. जवळ बिडी, स्टोव्ह काही नको, आणि हे खोलीत करू नका. पंप कुठला, तारीख काय, गाडी कुठल्या सालची, ॲव्हरेज आधी किती आणि आता किती, हे एका कागदावर लिहून आणा. पुढच्या रविवारी संध्याकाळी मिस्त्रीच्या पत्र्याखाली बसू. तिथं जे जमेल ते पुढच्या अंकात छापतो, पंपाच्या नावानिशी.